नदी खोल केली म्हणजे गावच्या विहिरींना पाणी टिकेल का?

तुमचं गाव माणदेशात, मुंबईतलं मंडळ वर्गणी काढून पोकलेनने नदी खोल करणार, पैसे द्यावेत का, असं विचारलंय.

मी घाटकोपरला राहतो, गाव माण तालुक्यात. साचलेला गाळ काढायला जरूर द्या. वाळू-मुरूम खरवडायला एक रुपयाही देऊ नका. वाळू हीच नदीची तिजोरी. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही पात्रात हातभर झिरा उकरायचो. गढूळ पाणी दोनदा उपसलं की तळाशी नितळ पाणी यायचं, आई वाटीवाटीने घागर भरायची. वाळू गेली आणि झिरे आटले.

आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. पात्र फार खोल गेलं की आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी झिरपून नदीत उतरतं आणि उघड्यावर उन्हाने उडून जातं.

पैसा आधी डोंगरउतारावर लावा: समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर), ओढ्यांवर दगडी बांध. आणि त्याहून मोठं काम म्हणजे उपशाला आवर. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरेबाजारमध्ये पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. हे जमलं नाही तर कितीही साठवा, दोन हंगामांत ऊस पिऊन टाकतो.

मंडळाला एवढंच विचारा: मे महिन्यात गावातल्या विहिरींची पातळी कुणी मोजलीय का? दोरीला दगड बांधूनही मोजता येते.