हद्दवाढ न करता शेजारच्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती मिळून आर्थिक विकासाचं काम करू शकतात का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची नगरपरिषद छोटी आहे, दहा-बारा किलोमीटरवर आणखी दोन तशाच आहेत, मधल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत कारखाने वाढताहेत, आणि एकत्र यायचा विषय निघाला की गाडी हद्दवाढीवर, म्हणजे शेजारची गावं शहराच्या हद्दीत घेण्यावर, येऊन अडते. कोल्हापूर जिल्ह्यात हा पेच सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माझं उत्तर: हद्दवाढीशिवाय एकत्र काम करता येतं. पण "प्रादेशिक विकास" अशा मोठ्या नावाने सुरुवात करू नका. एकच सेवा निवडा आणि तिच्या खर्चाची वाटणी आधी कागदावर आणा.

मुळात उद्योग आणणं नगरपरिषदेच्या हातात फारसं नसतं. भूखंड एमआयडीसी देते, सवलती राज्याचा उद्योग विभाग देतो. तुमच्या हातात पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते, परवानगी द्यायला लागणारा वेळ आणि घरपट्टीचे दर एवढंच असतं. पण फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) टिकते की नाही आणि कामगार गावात राहायला येतो की नाही, हे बरंचसं याच गोष्टींवर ठरतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही औद्योगिक वसाहती कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. कामगार राहतो एका संस्थेच्या हद्दीत, कामाला जातो दुसऱ्या, आणि त्याचा कचरा-मैला जातो तिसऱ्या. इथे एकट्याने नियोजन करून भागत नाही.

हद्दवाढीचा वाद का चिघळतो, हेही लक्षात घ्या. महापालिका 1972 साली झाली, तेव्हापासून हा प्रश्न धुमसतोय. गावांना वाटतं की घरपट्टी वाढेल, सुविधा येणार नाहीत आणि शेतजमिनीवर सार्वजनिक कामांसाठी आरक्षणं पडतील. शहराला वाटतं की गावं रस्ते, बस, बाजार वापरतात पण कर देत नाहीत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मधला मार्ग म्हणून 2017 मध्ये 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. माझं मत असं की कुठल्याही प्राधिकरणाला स्वतःचं उत्पन्न आणि पुरेसे अभियंते नसतील, तर ते बांधकाम परवान्याचं कार्यालय होऊन बसतं. म्हणून नवी संस्था मागण्याआधी आहे त्या कायद्यातली वाट वापरा.

ती वाट म्हणजे संयुक्त समिती. ग्रामपंचायतीला इतर स्थानिक संस्थांबरोबर अशी समिती नेमण्याची मुभा 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. नगरपरिषद आणि महापालिकेच्या कायद्यांतही तशी सोय आहे. ठरावात नेमकं कलम लिहून घ्या. वर जिल्हा नियोजन समिती आहेच. राज्यघटनेच्या 243 झेडडी या अनुच्छेदानुसार जिल्ह्याचा आराखडा करताना पाणीवाटप, एकात्मिक पायाभूत सुविधा आणि पर्यावरण या पंचायती व नगरपालिकांच्या समान हिताच्या बाबी विचारात घ्याव्याच लागतात, आणि समितीचे किमान चार पंचमांश सदस्य या संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावे लागतात. निवडणुका रखडल्या की नेमका हाच भाग रिकामा राहतो. तरीही जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मागताना तीन संस्थांचा एकत्र प्रस्ताव आणि या अनुच्छेदाचा उल्लेख असेल, तर तुमची बाजू भक्कम होते.

पहिली सेवा म्हणून मी घनकचरा सुचवेन. पाण्यापेक्षा त्यात वैर कमी आणि मोजमाप सोपं. 2016 च्या घनकचरा नियमांत छोट्या संस्थांनी मिळून सामायिक भरावभूमी (उरलेला कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरायची जागा) करण्याची तरतूद होती, त्यामुळे कल्पना सरकारला नवी नाही. हिशोब असा: एक गाव 50,000 लोकसंख्येचं आणि दोन 25,000 ची धरा. माणशी 350 ग्रॅमने रोजचा कचरा 35 टन. त्यात सुका साधारण 10-12 टन. एकट्या 25,000 च्या गावाकडे रोज तीनच टन सुका कचरा येतो; त्यावर वर्गीकरणाचा पट्टा आणि गठ्ठे बांधायचं यंत्र चालवणं परवडत नाही, यंत्र दिवसातले दोन-तीन तास चालून बंद पडून राहतं. तिघांचा मिळून एक पाळी भरते, आणि भंगारवाला किंवा जळण म्हणून सुका कचरा घेणारा सिमेंट कारखाना गाडीभर माल असेल तरच दराची बोलणी करतो.

ओला कचरा मात्र एकत्र करू नका. तो ज्याचा त्याने जिरवावा. ओल्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि ते पंधरा किलोमीटर वाहून नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी हलवणं. शिवाय सुक्यात ओला मिसळला की गठ्ठे कुजतात आणि खरेदीदार गाडी परत पाठवतो.

आता खर्चवाटणी. बहुतेक करार इथेच मोडतात. प्रकल्प चालवायला महिन्याला साडेदहा लाख लागतात असं उदाहरणादाखल धरू. सगळे म्हणतात "टनामागे वाटू". वर्षभर बरं चालतं. मग एक गाव चांगलं काम करून कचरा कमी करतं, त्याचं बिल उतरतं; पगार, वीज आणि देखभाल तेवढीच राहते, म्हणून उरलेल्या दोघांचा दर वाढतो आणि भांडण लागतं. त्यासाठी खर्चाचे दोन भाग करा. पगार, देखभाल, विमा असा स्थिर खर्च, समजा सहा लाख, लोकसंख्येच्या प्रमाणात: तीन, दीड, दीड लाख. उरलेले साडेचार लाख वजनाप्रमाणे. वजनकाटा संगणकीकृत हवा, पावती तिन्ही संस्थांना त्याच दिवशी जायला हवी, आणि काट्याची पडताळणी वैधमापन विभागाकडून वेळच्या वेळी करून घ्यायला हवी. करार करण्याआधी किमान पंधरा दिवस, त्यातला एक बाजाराचा दिवस धरून, प्रत्येक घंटागाडी तोला. अंदाजाच्या आकड्यांवर झालेला करार पहिल्या बिलालाच फाटतो.

जागा ज्या गावात, त्या गावाचा वाटा वेगळा आणि आधी. "तुमची घाण आमच्या दारात का?" हा प्रश्न रास्त आहे. त्या ग्रामपंचायतीला टनामागे ठरावीक रक्कम, तिच्या लोकांना कामात प्राधान्य, ट्रकच्या रस्त्याची दुरुस्ती आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याची दर तीन महिन्यांनी तपासणी हे सगळं करारात लिहा, आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. निविदा निघाल्यावर ग्रामसभेत गेलात तर काम तिथेच थांबतं, आणि थांबायलाच हवं.

पाण्याचा विषय दुसऱ्या टप्प्यात घ्या. इचलकरंजीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: वारणेवरून पाणी आणायच्या योजनेला दानोळीतून विरोध झाला, मग दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला नदीकाठच्या गावांनी विरोध केला. शहराची तहान खरी आहे आणि शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. धरणात किती, सिंचनाला किती, उन्हाळ्यात नदीत किती राहणार, याचा महिनावार तक्ता गावांसमोर आधी न मांडता योजना पुढे नेली, तर विरोध ठरलेलाच. पंचगंगेच्या बाबतीत तर वरच्या शहराचं सांडपाणी खालच्या गावाच्या पिण्यात येतं. तिथे हद्दीवर संयुक्त नमुने घेण्यापासून सुरुवात करता येते: विरघळलेला ऑक्सिजन जागेवर मोजता येतो, बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मोजमापाचा) निकाल नमुना 27 अंशांवर ठेवून तीन दिवसांनी मिळतो. दोन्ही संस्थांचे कर्मचारी हजर असले की आकड्यावर वाद राहत नाही.

बसचंही तसंच. केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची बससेवा, हद्दीबाहेरच्या गावांत जाते आणि तोटा महापालिका सोसते. औद्योगिक वसाहतीच्या फेऱ्या कारखान्यांच्या पाळ्यांशी जुळवायच्या आणि किलोमीटरमागची तूट गावं व कारखानदार संघटना यांनी वाटून घ्यायची, असा करार होऊ शकतो. गोशिमा (गोकुळ शिरगाव), स्मॅक (शिरोली) अशा कारखानदारांच्या संघटनांना अशा समितीत कायम निमंत्रित ठेवा.

करातली चढाओढ हा सगळ्यात अवघड भाग. कारखाना आपल्याकडे यावा म्हणून शेजारी दर पाडतो, मग दोघांचंही उत्पन्न जातं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 1971 मध्ये कायदा करून मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात व्यापारी-औद्योगिक करपायाच्या (ज्या मालमत्तामूल्यावर कर बसतो त्याच्या) वाढीतला 40 टक्के हिस्सा एकत्र करून सगळ्या गावांत वाटायला सुरुवात केली. कारखाना कुठेही आला तरी थोडा वाटा सर्वांना. आपल्याकडे त्यासाठी राज्याचा कायदा लागेल. पण औद्योगिक मिळकतींचे किमान दर आणि ना-हरकत दाखल्याची मुदत सारखी ठेवायचे एकाच मसुद्याचे ठराव तीन सभांत आजही करता येतात.

करारात चार गोष्टी विसरू नका. प्रत्येक संस्थेने तीन महिन्यांचा वाटा स्वतंत्र संयुक्त खात्यात आगाऊ भरायचा. नाहीतर ठेकेदाराला पैसे देणारी संस्था एकटी अडकते. मुदत किमान दहा वर्षं, बाहेर पडायचं तर एक वर्षाची नोटीस आणि उरलेल्या कर्जाचा वाटा भरून. यंत्रं कोणाच्या मालमत्ता नोंदवहीत, हे स्पष्ट हवं, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. आणि समन्वयाचं काम व्यक्तीच्या नावे न देता पदाच्या नावे द्या, कारण मुख्याधिकारी बदलून जातात. मसुदा सभेपुढे ठेवण्याआधी तिन्ही लेखापालांना एका टेबलावर बसवा आणि मागच्या वर्षीच्या खर्चावर वाटणीचं सूत्र लावून बघायला सांगा. कोणाचा बोजा किती वाढतो, ते तिथेच कळेल.