काळी बुरशी कोणत्या कुळातली?

सोलापुरातल्या जोडभावी पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय : "पावसाळ्यात मऊ भाकरीवर काळी बुरशी येते, कडक भाकरीवर येत नाही. ही बुरशी आणि कोरोनातली काळी बुरशी एकाच प्रजातीची का? आणि 'प्रजाती' म्हणावं की 'कूळ'?"

कडक भाकरीत पाणी उरलेलं नसतं, म्हणून बुरशी धरत नाही. तो भाग इथेच संपला.

'काळी बुरशी' हा शब्द मात्र 2021 पासून कानाला टोचतोय. हे कुठल्याही कुळाचं नाव नाही. कोरोनातल्या त्या रोगात, म्हणजे म्यूकरमायकोसिसमध्ये, जे काळं दिसतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस. रोग्याचा रंग रोगजंतूला चिकटवला आणि सगळ्यांनी तोच गिरवला! रंगावरून कूळ ठरत नाही. बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, कुठे आणि कसे धरतात, यावरून बुरशीची कुळं लावत आले. आता जनुकांचा पुरावाही जोडीला असतो. रायझोपस नावाच्या बुरशीचे बीजाणू बंद पिशवीत असतात. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे उघड्यावर, माळेमागून माळ.

आणि या अ‍ॅस्परजिलसच्या नावासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. 1729 मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनियो मिकेलीने भिंगाखाली देठावरचा गोल गड्डा आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या माळा पाहिल्या. त्याला चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचं उपकरण आठवलं, 'अ‍ॅस्परजिलम'. मूळ लॅटिन धातूचा अर्थ शिंपडणं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात दाराशी गुलाबदाणी घेऊन उभे असतात ना, तीच गोष्ट! माझं ठाम म्हणणं आहे की अ‍ॅस्परजिलेसीला, म्हणजे या बुरशीच्या कुळाला, मराठीत 'गुलाबदाणी कुल' म्हणावं. शेंगदाण्यातलं विष अफ्लाटॉक्सिन याच घरचं : 'अ' अ‍ॅस्परजिलसचा, 'फ्ला' त्याच्या फ्लेवस या जातीचा. शेंगाचटणीच्या गावात एवढं तरी ठाऊक हवं. पेनिसिलियमही याच कुळातलं, त्याच्या नावात चित्रकाराचा कुंचला आहे. जुनी पाठ्यपुस्तकं या दोघांना ट्रायकोकोमेसी कुळात बसवतात. 2011 मध्ये त्या कुळाची तीन कुळं झाली, पुस्तकं तिथेच राहिली.

परिभाषा घडवणाऱ्यांशी माझं भांडण वेगळंच आहे. भाकरीवरच्या बुरशीलाही ते 'कवक' म्हणायला लावतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीला 'कवकानि' येतात, ती खायची अळंबी. वर्ज्य सांगितलीत म्हणजे लोक खात होते. बुरशी-अळंबीच्या साऱ्या सृष्टीला 'कवक' म्हणा, हरकत नाही. पण बुरसणं, बुरसा, बुरसट असा भरला संसार असलेली 'बुरशी' हाकलायचं कारण काय? शेतकऱ्यांनी तर कुणाला न विचारता नावं ठेवली. द्राक्षावरची भुरी, गव्हावरचा तांबेरा, ज्वारीची काणी. भुरी म्हणजे भुरकट पांढरी, हे उघड आहे. बाजरीच्या कणसाला दाण्यांऐवजी पानांचा झुपका फुटतो, त्या रोगाला 'गोसावी' म्हणतात. तो झुपका म्हणजे जटाच, असं मी मानतो. गंमत म्हणजे हा गोसावी आणि द्राक्षावरचा डाऊनी (केवडा रोग) आता खऱ्या बुरशीत धरतच नाहीत, त्यांचं नातं शेवाळांशी जवळचं निघालं.

बरं, ताईंचा प्रश्न. लहानाकडून मोठ्याकडे जाती, प्रजाती, कुल, गण अशा पायऱ्या आहेत. वर्तमानपत्रं हिंदीच्या नादाने जातीलाच 'प्रजाती' म्हणतात, ते चूक. 'कुल' परिभाषेतलं, 'कूळ' घरातलं; 'कुळात' दोघांचंही चालतं. कूळकायद्यातल्या कुळाशी घोटाळा नको म्हणून नाव ठेवताना मी 'कुल' घेतो.

आता भाकरीला भिंग लावा. कापसासारख्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याएवढे सुटे ठिपके असतील तर बहुधा रायझोपस. म्यूकरमायकोसिस बहुतेकदा याच प्रजातीच्या दुसऱ्या एका जातीमुळे होतो, तेव्हा तुमचं 'एकाच प्रजातीची' अक्षरशः बरोबर ठरेल. सरसकट काळी भुकटी असेल तर अ‍ॅस्परजिलस नायजर असू शकेल, म्हणजे गुलाबदाणीवाली, आणि तिचं रायझोपसशी कूळ सोडा, गणाच्याही वरची पायरी असलेला संघही जुळत नाही. बघताना हुंगू मात्र नका, बीजाणू नाकात जातात.