तो तक्ता अर्जाला जोडू नका

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यात सात प्रश्न आहेत. व्याजदर स्थिर घ्यावा की बदलता, दुसरा फ्लॅट कंपनीच्या नावावर घ्यावा का, करात किती वाचेल, वगैरे. यातल्या बहुतेकांना मी हात लावणार नाही. ते तुमच्या सीएला विचारा. त्यात चूक झालीच तर थोडे पैसे जातील. ज्यानं घरच जाऊ शकतं ती गोष्ट तुम्ही ताजा कलमात टाकली आहे: "कर्ज घेताना फॉर्मवर 'स्वतः राहण्यासाठी' असं लिहिलं होतं. त्यानं काही फरक पडतो का?"

इतर वाचकांसाठी हकिगत थोडक्यात. यांनी दोन वर्षांपूर्वी गृहकर्ज काढून फ्लॅट घेतला. काही दिवस राहिले, मग पुन्हा भाड्याच्या घरात गेले आणि फ्लॅट रात्रीच्या हिशेबानं पाहुण्यांना देऊ लागले. हप्ता भागून वर पैसे उरतात. आता त्याच फ्लॅटवर त्याच बँकेकडून वाढीव कर्ज काढून दुसऱ्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरायची आणि बाकीच्या कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा म्हणून बावीस महिन्यांच्या बुकिंगचा तक्ता जोडायचा, असा बेत आहे. सासरे हमीदार राहायला तयार आहेत. अर्ज पुढच्या आठवड्यात जायचा आहे.

जाऊ देऊ नका.

पहिल्या अर्जात तुम्ही सहीनिशी म्हटलंत की या घरात मी राहणार. दुसऱ्या अर्जात, तेवढ्याच ठळक सहीनं, म्हणणार की इथे बावीस महिने परकी माणसं उतरताहेत. दोन्ही कागद एकाच बँकेच्या एकाच फायलीत जाणार. वसुलीचं काम पाहणाऱ्या वकिलाला पुरावा गोळा करायला बाहेर पडावंच लागणार नाही.

"पण आमचा एकही हप्ता चुकलेला नाही." हे वाक्य अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कर्ज करारात 'कसूर' म्हणजे काय याची व्याख्या असते. थकलेला हप्ता हा त्यातला पहिला प्रकार, आणि वाचणारे तिथेच थांबतात. त्याच यादीत खाली बहुतेक वेळा आणखी दोन गोष्टी असतात: कर्जदारानं दिलेली माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी निघणं, आणि बँकेच्या लेखी परवानगीशिवाय मालमत्तेचा वापर बदलणं. यातलं एक घडलं तरी सगळी बाकी एकरकमी मागायचा हक्क बँकेला मिळतो, मग हप्ते कितीही वेळेवर गेलेले असोत. बँक हा हक्क ऊठसूट वापरत नाही, हे मान्य. पण शेजाऱ्यानं लेखी तक्रार केली, पाहुण्याच्या हातून आग लागली, किंवा कर्जदारानं स्वतःच तक्ता आणून दिला, की बासनात पडलेलं कलम टेबलावर येतं.

बँक या एका वाक्यावर एवढी का अडते, हेही समजून घ्या. अडचणीत आलेला माणूस राहत्या घराचा हप्ता शेवटपर्यंत भरतो. भाड्यानं दिलेल्या घराचा हप्ता आधी सोडून देतो. म्हणून राहत्या घराला दर कमी आणि पदरचे पैसेही कमी लागतात. ती सवलत तुम्ही घेतलीत. अमेरिकेतल्या घरकर्जाच्या प्रचलित करारांत ६० दिवसांत राहायला जाणं आणि किमान एक वर्ष तिथे राहणं हे स्पष्ट लिहिलेलं असतं. कर्जासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर तिथल्या केंद्रीय कायद्यात कमाल शिक्षा ३० वर्षं कैद आणि दहा लाख डॉलर दंड आहे. तुमच्यावर असं काही येईल असं मी म्हणत नाही. पण फॉर्मवरची ती खूण केवळ उपचार आहे, ही समजूत डोक्यातून काढा.

आता तुमच्या बाजूनं बोलता येईल असा एकच मुद्दा. सही केली तेव्हा राहायचा खरा हेतू होता आणि परिस्थिती नंतर बदलली, तर ते खोटं निवेदन ठरत नाही. परवानगी न घेता वापर बदलला, एवढंच उरतं. या दोन्हींत फार अंतर आहे. तुम्ही लिहिता, "चार महिने राहिलो." तुम्हीच पाठवलेल्या तक्त्यात मात्र पहिलं बुकिंग ताबा मिळाल्यापासून सहाव्या आठवड्यातलं आहे. मला ते पाच मिनिटांत दिसलं. बँकेलाही दिसेल. खुलासा असेल (गावाला गेला होतात, एक खोलीच दिली होती, काहीही) तर तो आजच लिहून काढा आणि त्या महिन्यांची वीजबिलं शोधा. आणि कृपा करून तक्ता 'दुरुस्त' करून जोडू नका. आज तुमच्याकडून निष्काळजीपणा झालेला आहे. तसं केलंत तर त्याला दुसरं नाव लागेल.

करारात आणखी एक ओळ शोधायची आहे. हे तारण 'कर्जदाराकडून बँकेला येणे असलेल्या सर्व रकमांसाठी' आहे, अशा अर्थाची. ती असेल तर दुसऱ्या कर्जाची थकबाकी पहिल्या फ्लॅटवरूनही वसूल होऊ शकते. तुम्ही जोखीम 'दोन घरांत वाटली' असं लिहिलं आहे. या एका ओळीनं दोन्ही घरं एकाच खुंटीला बांधली जातात, आणि सासऱ्यांच्या हमीनं त्यांचं घरही. सासरेबुवांना हमीपत्र वाचायला दिलंत का?

सोसायटीचे नियम, पालिकेचा परवाना, विमा याबद्दल मी हातचं राखूनच बोलेन, कारण ते गावागणिक बदलतात. एक मात्र सांगतो. सरकारी नियम पाळला म्हणजे करारही पाळला, असं होत नाही. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींपर्यंत घर असं द्यायला वेगळी परवानगी लागत नाही. तरीही तिथल्या एका फ्लॅटच्या वादात २०१६ मध्ये अपर ट्रिब्युनलनं (मालमत्तेच्या वादांतली अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं) ठरवलं की भाडेपट्ट्यात 'खासगी निवासस्थान म्हणूनच वापर' अशी अट असताना दिवसांच्या, आठवड्यांच्या बोलीवर पाहुणे ठेवणं हा अटीचा भंग आहे. दोन रात्रींसाठी आलेल्या माणसाचं ते निवासस्थान नव्हे, इतका साधा तर्क. विम्याचं म्हणाल तर राहत्या घराची पॉलिसी पैसे देऊन उतरणाऱ्यांनी केलेलं नुकसान भरून देते का, हे कंपनीला लेखी विचारा. फोनवरचं "हो सर" पुराव्यात येत नाही.

परवान्याकडे मी मुदतीच्या नजरेनं पाहतो. तुमचं कर्ज वीस वर्षांचं, परवाना दरवर्षी नवा करायचा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नवा नियम अमलात आला: ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, मालक स्वतः तिथे हजर हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. बार्सिलोनानं २०२४ मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने संपवायचे. तिथे कर्ज काढून बसलेल्यांचे हप्ते काही परवान्याबरोबर संपत नाहीत.

म्हणून तुमच्या गणितावर एकच शेरा. बँक बघते ते गुणोत्तर म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं वर्षाचं उत्पन्न भागिले वर्षाचे हप्ते, १.२५ आलं तर पुष्कळ ठिकाणी बरं मानतात. तुम्ही १.४ काढलंय. त्यात सफाई, चादरी आणि रात्री-अपरात्री किल्ली देणं हे सगळं तुमची पत्नी करते आणि तिचा मोबदला शून्य धरलाय. हाच फ्लॅट एका कुटुंबाला वर्षाच्या करारानं दिला तर, तुमच्याच आकड्यांनी, गुणोत्तर ०.७ येतं, म्हणजे हप्त्याचे सातच दशांश भागतात. ते उरलेले तीन दशांश तुम्ही पगारातून किती महिने भराल, हे मला पत्रात कुठे दिसलं नाही. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, एअरबीएनबी या बुकिंग ॲपनं मालकांच्या रद्द करण्याच्या अटी बाजूला ठेवून पाहुण्यांना पूर्ण पैसे परत दिले, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांना एकाच आठवड्यात पडला होता.

आता काय करायचं. कर्ज कराराची आणि मंजुरीपत्राची पूर्ण प्रत बँकेकडून मागून घ्या. "कागद बँकेतच असतात" हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मी कपाळाला हात लावला. मूळ कागद बँकेत, प्रत तुमच्याकडे हवी. ती घेऊन तुमच्या गावच्या वकिलाकडे बसा आणि त्याच्याकडून बँकेला पत्र लिहून घ्या: वापर बदलला आहे, परवानगी द्या किंवा कर्ज भाड्याच्या मालमत्तेच्या प्रकारात बदलून द्या. ते पत्र पोचल्याची पोच हातात येईपर्यंत कुठलाही नवा अर्ज नाही. बँक दर वाढवेल, काही रक्कम आधी भरायला सांगेल, किंवा महिनोन्महिने उत्तरच देणार नाही. नक्की काय, ते सांगता येत नाही. पण विचारून नकार मिळालेला कर्जदार आणि लपवताना सापडलेला कर्जदार यांना कोर्ट एका मापानं मोजत नाही. कोर्टाचा विषय निघालाच आहे, तर 'बघू, स्टे आणू' हा विचार सोडा. स्टे मिळेलही. पण तारखा पडत राहतात तोवर व्याज चढत असतं, आणि वादाच्या मूळ रकमेला व्याजानं मागे टाकलेल्या फायली माझ्या कपाटात आहेत.

राहिला दुसऱ्या फ्लॅटचा विसार. महिनाअखेर द्यायचा आहे म्हणता, आणि माझं ऐकून अर्ज थांबवलात तर कर्ज त्या तारखेपर्यंत मंजूर होणार नाही हे उघड आहे. कर्ज न मिळाल्यास विसार परत, अशी ओळ विसारपावतीत आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसरं पान नाही. ते आज पाठवा, आणि मी सांगेपर्यंत त्यावर सही करू नका.