टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट: आधी परतीची वाट तपासा

‘आमच्या भागात घरोघरी टीव्ही आणि केबल आहे, कॉम्प्युटर नाहीत. टीव्हीला बॉक्स जोडून इंटरनेट दिलं तर चालेल का?’ हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मीही याच विचाराने केबलच्या धंद्यात इंटरनेट आणायला निघालो होतो.

हेडएंड (जिथून केबलचे सगळे सिग्नल निघतात ते केंद्र), मोडेम तुम्हाला ठाऊक असणारच. खरी गोम परतीच्या सिग्नलमध्ये आहे. टीव्हीची केबल फक्त घराकडे सिग्नल न्यायला टाकलेली असते. घरून परत येणाऱ्या डेटाला साधारण ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा (काही देशांत ६५ पर्यंत) अरुंद पट्टा मिळतो आणि नोडवरच्या (एका भागातल्या घरांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या जोडावरच्या) सगळ्या घरांचा नॉइज, म्हणजे नको असलेली विद्युत खरखर, तिथेच गोळा होते. एका घरातला सैल कनेक्टर बाकीच्यांचं नेट पाडू शकतो. म्हणून रिकामे टॅप (घरांना जोड देणारी केबलवरची तोंडं) ७५ ओहमच्या टर्मिनेटरने, म्हणजे टोकाला लावायच्या टोपणाने, बंद करा, नुसता टीव्ही बघणाऱ्यांकडे हाय-पास फिल्टर (घरातून मागे येणारा नॉइज अडवणारा) लावा. मगच टू-वे ॲम्प्लिफायर (दोन्ही दिशांचे सिग्नल वाढवणारे) बसवा.

पण मला सगळ्यात महागात पडलं ते परवाना देणारं एक कार्यालय. केबल म्हणजे प्रसारण, इंटरनेट म्हणजे दूरसंचार, असं म्हणत फाइल दोन खात्यांत फिरवत ठेवली. ‘आमच्याकडे येत नाही’ एवढंही लेखी देईनात. लेखी नकार मिळाला असता तर अपील तरी केलं असतं! तोवर लोकांच्या हातात स्मार्टफोन आले. आजही संताप होतो. तुम्ही प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्या आणि परवाना हातात येईपर्यंत यंत्रसामग्रीत पैसा अडकवू नका. नियम देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा तिथल्या जाणकार वकिलाला विचाराच.

बॉक्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. अमेरिकेत वेबटीव्ही हा टीव्हीला जोडायचा असाच इंटरनेट बॉक्स १९९६ मध्ये आला, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो सुमारे ४२.५ कोटी डॉलरला घेतला, तरी २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. रिमोटने टाइप करणं जिकिरीचं, आणि घरच्यांसमोर मोठ्या पडद्यावर स्वतःची पत्रं कोण वाचणार? व्हिडिओ, शिकवण्या यांना टीव्ही उत्तम, पण तेवढ्यावर धंदा उभा राहत नाही. मोबाइल डेटा महाग असेल तिथे वायरचं अमर्याद नेट आणि घरात वाय-फाय, हे मात्र लोक घेतील.

नवी वायर टाकायचीच असेल तर फायबर टाका. एका नोडवर किती घरं आहेत आणि ॲम्प्लिफायर किती जुने आहेत ते कळवा, मग पुढचं सांगतो.