जुना पिकअप रिकामा असतानाही डावीकडे झुकतो, शॉकअप बदलूनही फरक नाही; दोष कुठे शोधावा?

आपण लिहिले आहे की आपला २००९ सालचा पिकअप, ज्याला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, रिकामा उभा असतानाही डाव्या अंगाला झुकलेला दिसतो. मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकूनही तो सरळ झाला नाही, आणि आता गॅरेजमधून डाव्या बाजूला एक जादा पाटा वाढवण्याचा सल्ला मिळतो आहे. तो पाटा तूर्त वाढवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीचा नेमका कोणता कोपरा बसला आहे आणि का बसला आहे, हे मोजून कळल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये. आमच्या घरी भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहण्याचा व्यवसाय अनेक वर्षे होता आणि नेमकी हीच चूक आम्ही एका जुन्या गाडीबाबत केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शॉकअपविषयीचा गैरसमज आधी दूर करायला हवा. गाडीचा भार पाटे पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. साधा तेलाचा शॉकअप काढून हातात धरला आणि दांडा खाली दाबला, तर तो दाबलेल्या जागीच राहतो, स्वतःहून वर येत नाही. जो स्वतःचा दांडा वर उचलत नाही, तो गाडीचा कोपरा काय उचलणार? त्यामुळे नवे शॉकअप टाकून गाडी खड्ड्यांत कमी हेलकावे खाईल, पण तिचा कल जाणार नाही.

आता मोजमाप. मुंबईत ही गाडी रस्त्यावर उभी करून मोजणे व्यर्थ आहे, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यापासून कडेच्या गटाराकडे उतरता केलेला असतो, आणि आपण डाव्या कडेला गाडी लावतो, तेव्हा धडधाकट गाडीसुद्धा डावीकडे कललेली दिसते. सपाट फरशी शोधावी. एखाद्या गोदामाचा किंवा सोसायटीच्या वाहनतळाचा कोबा चालतो. तोही डोळ्यांवर विश्वास ठेवून सपाट मानू नये. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी आणि चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी ताडून पाहावी. फरक निघाला तर तो लिहून ठेवावा, किंवा खालच्या चाकाखाली तेवढ्या जाडीची फळी सारावी.

त्यानंतर हौदा पूर्ण रिकामा करावा, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते पाहावे, एकाच धुरीवरच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावरच्या) दोन्ही टायरांत सारखी हवा भरावी, गाडी दहा-बारा फूट पुढे-मागे ढकलून पाट्यांना आपापल्या जागी बसू द्यावे आणि चालकाला खाली उतरवावे. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवा यांचा फरक त्यात मिसळतो. चाकाच्या मध्यापासून मोजले तर तो गळून पडतो. याच वेळी धुरीपासून चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीपर्यंतचे अंतरही दोन्ही बाजूंना घ्यावे. चेसिसचे अंतर दोन्हीकडे सारखे आणि मडगार्डचे मात्र कमी-जास्त निघाले, तर पाटे निर्दोष आहेत. केबिनखालचे रबर दबले आहे, हौद्याखालचे लाकूड कुजले आहे किंवा मडगार्डच वाकले आहे. सेंटिमीटरभराच्या फरकाची मी जुन्या मालवाहू गाडीत चिंता करत नाही. दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक मात्र डोळ्यांना दिसतो आणि त्याला कारण असतेच.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मागचा डावा पाटा खचला की चेसिस संपूर्णच डावीकडे कलते, त्यामुळे पुढचा डावा कोपराही थोडा खाली येतो आणि पुढचा उजवा वर उचलला जातो. पुढचा भाग केबिनमुळे नजरेत लवकर भरतो, म्हणून दोष मागे असताना माणूस पुढचे पाटे उघडत बसतो. हे टाळण्यासाठी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि पुढच्या बाजूला, चेसिसच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर जॅक लावून, पुढच्या पाट्यांवरचा भार उतरेल इतकीच गाडी उचलावी. पुढचा भाग आता एका बिंदूवर टेकलेला असल्यामुळे तो गाडीला कोणत्याही बाजूला कलवू शकत नाही. गाडी कशी उभी राहील हे केवळ मागचे पाटे ठरवतात. मागची चेसिस समपातळीत आली तर दोष पुढे, कल तसाच राहिला तर दोष मागे. या स्थितीत गाडी जॅकवर डुलू शकते, म्हणून कोणीही तिच्याखाली शिरू नये. मोजमाप बाहेरूनच घ्यावे.

कोपरा कळला की पाट्यांचा संच नीट पाहायचा, आणि इथे घाई करू नये. आमच्या गाडीत मागच्या डाव्या संचातील दुसरा पाटा मधल्या बोल्टजवळ तडकला होता. वरच्या मुख्य पाट्याने आणि खालच्या पाट्यांनी तो असा दाबून धरला होता की बाहेरून संच अखंड दिसे. बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे झिरपून गंजाचा थर चढला होता आणि तडा त्या थराखाली झाकला गेला होता. एका गॅरेजने संच न उघडताच डावीकडे जादा पाटा घातला. गाडी रिकामी असताना उजवीकडे झुकू लागली, भरल्यावर पुन्हा डावीकडे, आणि अडीच महिन्यांनी तडकलेला पाटा पुरता तुटला. शेवटी एका जुन्या पाटेवाल्याने संच सोडवला, प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासला, त्यावर रॉकेल चोळले, पंधरा मिनिटांनी फडक्याने कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड फासली. पाहता पाहता पांढऱ्या पुडीवर एक बारीक, ओलसर, काळपट रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतले होते. आपणही संच उघडाल तेव्हा ही परीक्षा करवून घ्यावी, तिला खर्च जवळजवळ नाही.

तडा नसेल तर दोन्ही बाजूंचे पाटे मोजावेत आणि प्रत्येकाची जाडी ताडून पाहावी. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने एका बाजूला काहीतरी बदललेले असणे अगदी नेहमीचे आहे. जाडीतील लहान फरकाला कमी लेखू नये: पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून ७ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा आला की तेवढा एक पाटा जवळपास दीडपट कडक होतो. संख्या आणि जाडी सारखी असूनही एका संचाची कमान दुसऱ्यापेक्षा सपाट असेल, तर तो संच थकला आहे.

शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) आणि त्याचे बुश (बोल्टभोवतीची नळकांडी) यांनाही हात लावून पाहावे. भाराखाली पाटा सपाट होताना त्याची लांबी वाढते आणि ती वाढ शॅकल मागे सरून सामावून घेते. गंजाने शॅकल आवळले गेले तर पाटा मोकळेपणी हलत नाही आणि तो कोपरा वर किंवा खाली अडकून राहतो. मधला बोल्ट तुटला असेल तर धुरी पाट्यावरून सरकते. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर मोजले की ते लगेच कळते. पाट्याचा हँगर जिथे चेसिसला जोडला आहे तिथे हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर पत्रा आतून खाल्ला गेला आहे आणि मग पाटे बदलण्याआधी चेसिसचे काम करावे लागेल. चेसिसच पिळली असल्याची शंका असेल तर दोन्ही पट्ट्यांवरील समोरासमोरच्या बिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा कराव्यात आणि तिरके कर्ण मोजावेत, शिवाय नळीने पट्ट्यांची पातळी पुढे-मागे तपासावी.

दुरुस्तीबाबत माझा आग्रह एकच आहे: पाटे जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षे वापरलेला संच असेल तर गाडी आज ना उद्या जुन्या बाजूला झुकणारच. थकलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते आणि ते स्वस्तही पडते, पण थंड अवस्थेत ठोकलेली कमान भाराखाली लवकर उतरते. भट्टीत तापवून कमान दिली तर नंतर तेलात विझवून त्याला ‘पाणी’ द्यावे, म्हणजे कडकपणा परत आणावा लागतो. ते न करता नुसता तापवून वाकवलेला पाटा मऊ पडतो. हे काम पूर्ण करणारा कारागीर ओळखीचा असेल तरच त्या वाटेने जावे, नाहीतर नवे संच घ्यावेत. पाटे धुरीला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत, कारण एकदा ताणलेल्या आट्या तितकी पकड धरत नाहीत.

जोडणी करताना एक बारकावा हमखास राहून जातो. बुश रबराचे असतील तर पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल वळ्याचे) आणि शॅकलचे बोल्ट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळू नयेत. तसे आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, ते गाडीला वर धरून ठेवू पाहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. चाके जमिनीवर टेकवून, गाडी पुढे-मागे हलवून, मगच शेवटचा आवळ द्यावा. नवे पाटे टाकूनही गाडी किंचित तिरकी राहिल्याच्या तक्रारीत मी हे कारण सर्वात आधी तपासतो.

डावाच कोपरा का बसला, याचाही विचार करावा. गाडी फुटपाथला लागते, डावीकडची फळी उघडते आणि हमाल जड नग त्याच कडेला ठेवून मोकळे होतात. दोन्ही संचांमधील अंतर सुमारे १ मीटर धरले आणि १२०० किलो मालाचा मध्य अवघा १० सेंटिमीटर डावीकडे सरकला, तर त्या मालाचे ७२० किलो डावीकडे आणि ४८० किलो उजवीकडे पडतात. रोज २४० किलोंचा फरक सोसणारा संच आधी थकणारच. नव्या पाट्यांवरही माल तसाच चढत राहिला तर हाच कोपरा पुन्हा बसेल, तेव्हा जड पेट्या मधोमध रचायला आवर्जून सांगावे.

काम झाल्यावर मागच्या धुरीला दांड्याने जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आपल्या गाडीत आहे का ते पाहावे. मागची उंची बदलली की तो गाडी रिकामी किंवा भरलेली असल्याचा चुकीचा अंदाज घेतो, म्हणून त्याची जुळणी करवून घ्यावी. हेडलाइटचा झोत आणि व्हील अलाइनमेंटही त्याच वेळी तपासावे. आपली गाडी आठ वर्षांपुढची असल्याने तिला दरवर्षी फिटनेस तपासणीला न्यावे लागते आणि तिथे या गोष्टी पाहिल्या जातातच. सुमारे ५०० किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत आणि त्याच फरशीवर, त्याच नळीने, चारही कोपऱ्यांची मापे पुन्हा घ्यावीत. आजची चार मापे मिळाली की ती इथे लिहा. चूक पुढे आहे की मागे, हे त्यावरून बऱ्याच अंशी सांगता येईल.