अकराव्या दिवशी मिटलेली वही

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

रोज हजार शब्द लिहायचं ठरवलंस आणि अकराव्या दिवशी वही मिटली, असं कळवलंस. यात आळस थोडा आहे, हिशेबाची चूक मोठी. हजारांचा आकडा इंग्रजीतून आलेला आहे. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्यांचे आठ होतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून बसतात, म्हणून मराठीतले हजार शब्द हा बराच जास्त मजकूर होतो. नोकरी करून, लोकलचे दोन तास उभ्याने काढून तो रोज कुणाच्याच हातून उतरणार नाही.

तू एक पान धर. साध्या वहीच्या पानावर २४ ओळी आणि ओळीत आठ शब्द धरले तर १९० शब्द होतात. हाताने लिहायला २५ मिनिटं पुरतात, त्यात पाच मिनिटं खिडकीबाहेर बघण्याची धरली आहेत. आठवड्यातले सहा दिवस लिही, रविवारी नको. आठवड्याला साधारण ११०० शब्द, म्हणजे तीन-सव्वातीन आठवड्यांत साडेतीन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा. हे गणित मुद्दाम मांडतो आहे. रोजचं पान लिहिताना काहीच होत नाहीये असं वाटत राहतं आणि त्या वाटण्यानेच वही मिटते.

वेळ घड्याळाला बांधू नकोस, रोज न चुकणाऱ्या एखाद्या कामाला बांध. ‘सकाळी सहाला’ हे एका जागरणात मोडतं. ‘चहा झाला की आंघोळीच्या आधी’ हे मोडत नाही, कारण चहा आणि आंघोळ दोन्ही होणारच असतात. रात्रीची वेळ तुझ्यासारखीला मी सांगणार नाही. आठला घरी पोचल्यावर डोक्यात ऑफिसातलं बोलणं घोळत असतं आणि कथेतली माणसंही मग ऑफिसातल्यासारखी बोलू लागतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. गजर त्याच्यावर लावायचा म्हणून तो जवळ हवा, असं म्हणशील. स्वयंपाकघरातलं घड्याळ पुरतं.

वही स्वस्तातली घे. पाडव्याला आणलेल्या कातडी बांधणीच्या डायऱ्या चैत्र संपेपर्यंत कोऱ्याच राहतात, कारण त्यांत खाडाखोड करायला हात धजत नाही. दोनशे पानी वही, वर तारीख, आणि फक्त उजवीकडच्या पानावर लिहायचं. डावं पान दुरुस्तीसाठी मोकळं. त्याचा उपयोग पुढे कळेल.

लिहायला बसल्यावर पहिली दहा मिनिटं कोरी जातात ना? त्यावर उपाय आदल्या दिवशीच करायचा. वाक्य पूर्ण न करता थांब. ‘तिने कुलूप काढलं आणि आत’ इथे पेन ठेव, आणि खाली पुढे काय होणार ते तीन-चार शब्दांत टिपून ठेव. दुसऱ्या दिवशी आधी ते वाक्य पुरं होतं, मग हात चालू लागतो. प्रसंग संपवून, वर समाधानाची रेघ मारून उठलीस तर उद्या पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

शुद्धलेखनाबद्दल विचारलं आहेस. लिहिताना त्याकडे बघूच नकोस. ‘मूल’ दीर्घ पण ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘वीट’ दीर्घ पण ‘विटेने’ ऱ्हस्व, हे सगळं १९६२च्या नियमांत आहे. चौदा नियम तेव्हाचे आणि चार १९७२चे, असे एकूण अठरा. एका रविवारी बसून वाचून होतात. पण ओळ लिहितानाच वेलांटी तपासू लागलीस की वाक्याचं शेपूट हरवतं. लिहिणं आणि तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या दिवशी करायची. एकच गोष्ट मात्र पहिल्या पानाआधी ठरव: निवेदनात ‘केले’ लिहिणार की ‘केलं’. नवख्यांच्या खर्ड्यात पान तीनवर ‘तो म्हणाला, असे तिला वाटले’ आणि पान पाचवर ‘तिला वाटलं’ असं सर्रास सापडतं. नंतर ते निवडत बसणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं.

आता तिसऱ्या आठवड्याचं. तो वाईट जातो, आधीच सांगून ठेवतो. पहिले पंधरा दिवस आजोळ, शाळा, पहिला पाऊस यांवर निघतात. मग साठा संपतो आणि आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही असं वाटायला लागतं. तोवर रोज थोडं गोळा करत गेलीस तर तिथे अडणार नाहीस. लोकलमध्ये उभ्याने लिहिता येत नाही, पण फोनवर तीन ओळी टिपता येतात: कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं, हातातली एक वस्तू, एक वास. वाक्य सुधारून लिहू नकोस. ‘आमच्यात असं चालत नाही हां’ यातला ‘हां’ गाळलास की ती बाई गेली. ‘गर्दी खूप होती’ अशी नोंद कामाची नाही. ‘डब्याच्या पिशवीचा बंद तुटला म्हणून तिने ओढणीने बांधला’ ही कामाची, कारण तिच्यात माणूस काहीतरी करतो आहे.

अगदीच अडलं तर कालचंच पान दुसऱ्याच्या तोंडून लिही. भाडं वाढवायला आलेल्या घरमालकाचा प्रसंग भाडेकरूच्या बाजूने लिहिला असशील, तर आज मालकाच्या बाजूने, तोही बरोबर आहे असं धरून. किंवा सगळं पान नुसत्या संवादात लिही, ‘तो रागाने म्हणाला’ असं एकदाही न लिहिता. राग शब्दांतच दिसायला हवा. हे सराव कंटाळवाणे आहेत. तरी कर.

एखादा दिवस चुकणारच. गणपतीत, लग्नसराईत, तापात. चुकलेलं पान दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही. दोन पानांचं ओझं घेऊन बसलीस की तिसऱ्या दिवशी वही उघडतच नाही. फक्त सलग दोन दिवस चुकवू नकोस. दुसऱ्या दिवशी पान जमत नसेल तर तारीख टाकून चार ओळी लिही.

रविवारी आठवड्याची सहा पानं मोठ्याने वाच. डोळ्यांना न दिसणारं जिभेला अडतं. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य लांब झालं आहे, जिथे वाचताना आपोआप घाई होते तो मजकूर बहुधा जास्तीचा. डाव्या पानावर खूण कर, त्या दिवशी नव्याने लिहू नकोस. आणि ही कच्ची पानं फेसबुकवर टाकण्याचा मोह आवर. वाईट लिहिलंस तर हिरमुसशील, हे कमी नुकसान. जास्त नुकसान कौतुकाने होतं: ज्या ओळीला चाळीस अंगठे मिळाले, ती ओळ कथेत नको असली तरी पुढे कापवत नाही.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची आहे म्हणतेस, तर तारखा उलट्या मोज. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला वर्षाची एक मुदत मिळाली आहे. त्या मुदतीने पुष्कळांना लिहितं केलं आणि पुष्कळांना हंगामीही केलं. दिवाळी झाली की पेन थेट पुढच्या पावसाळ्यात उघडायचं. अंक पावसाळ्यातच भरू लागतात, म्हणून जुलैअखेर हे टोक धर. त्याआधी दोन आठवडे पुनर्लेखन आणि टंकन. त्याआधी दहा दिवस खर्डा कपाटात, अजिबात न बघता. त्याआधी तीन-साडेतीन आठवडे पहिलं लेखन. म्हणजे जूनच्या मध्याला पहिलं पान पडायला हवं. पाठवताना युनिकोडमध्ये टंकलेली फाइलच पाठव, पानांचे फोटो नकोत, आणि तीच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नकोस. नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही, तरी त्या दिवसाचं पान चहानंतरच.

बोलून टंकण्याची सोय वापरू का, असं शेवटी विचारलं आहेस. पुनर्लेखन झालेला मजकूर फाइलीत चढवायला वापर, मग विरामचिन्हं हाताने घाल. पहिल्या खर्ड्याला नको. बोलताना आपण एकच गोष्ट तीनदा सांगतो आणि यंत्र ती तिन्ही वेळा इमानाने लिहून घेतं.

पंधरा पानं झाली की त्यातलं बारावं पान मला पाठव. पहिलं नको, ते सगळ्यांचंच बरं असतं. उतरवून काढू नकोस, खाडाखोड तशीच दिसू दे.

शुभं भवतु.