पैलवानाचं हृदय की इंजेक्शनाचं?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा. आधी तालमीत, आता जिमला जातो. वर्षभर टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं घेतली. इकोत डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत १३ मिमी, ईएफ (दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ५० टक्के. जिमवाले म्हणतात, पैलवानाचं असंच असतं. खरं का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अर्धंच खरं. पुरुषांत ही भिंत साधारण ६ ते १० मिमी असते, बायकांत ९ पर्यंत. हा फरक बराचसा वयात आल्यावर दिसू लागतो. मेहनतीनं भिंत जाडावते, पण कप्पाही मोठा होतो आणि छान सैल पडतो. इंजेक्शनानं स्नायूत चिवट तंतू वाढू शकतात. मग तो नीट सैलही पडत नाही, जोरही घटतो.

इंजेक्शनं बंद. जड व्यायामही ३ महिने बंद, मग पुन्हा इको. नुसत्या मेहनतीची जाडी एवढ्या काळात उतरू लागते. सोबत बीपी, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) पाहा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती.

खरी अडचण पुढेच. बाहेरून हार्मोन मिळाल्यानं अंडकोषांनी स्वतःचं काम थांबवलेलं असतं. ते सुरू व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर मरगळ, उदासी. पोरं इथंच पुन्हा सुई धरतात. म्हणून हृदयरोगतज्ज्ञाबरोबर हार्मोनतज्ज्ञही गाठा. थंडाई-बदाम खुशाल चालू द्या!